ओळ सहाशे चाळीस

कॅसेटवर बाबांचं अक्षर: तेता, फेब्रुवारी शहाऐंशी.
तेता म्हणजे मावशी, आत्या, काकू, कुणीही.
पलीकडे तेव्हा युगोस्लाव्हिया होता,
मध्यरात्री रेडिओवरून प्रोग्राम सोडायचे, आवाजाच्या रूपात,
आणि अलीकडे, त्रिएस्तेत, आमच्या स्वयंपाकघरात
बाबा रेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबून बसायचे,
खोकलासुद्धा आवरून.
नुसती किरकिर. रातकिडे तापात बरळावेत तशी.
त्या किरकिरीत एक बाई आहे, म्हणायचे,
टाइप केलं की बोलते.
आमच्याकडे कॉम्प्युटर कधीच नव्हता.

इद्रियाच्या वोइकोला ती बाई हवी होती.
पाऱ्याची खाण बंद पडलेलं गाव ते,
तिथल्या बायका अजून लेस विणतात, आणि तो पंप दुरुस्त करायचा.
पहिलं पत्र चार ओळींचं:
तेताचा मूळ कोड शोधतोय.
सगळा नसला तरी चालेल.
सहाशेच्या पुढच्या ओळी
कुणाकडे आहेत का?

जमत गेलं, हळूहळू.
मारिबोरच्या एका मास्तरांकडे छापील प्रत,
शाई इतकी उडालेली की तीन कुठला, आठ कुठला, कळेना.
नोव्ही सादच्या लाझारने वहीत उतरवून घेतला होता,
ओळीओळीपुढे बरोबरची खूण, सहाशे वीसपर्यंत.
तिथे त्याला लष्कराचं बोलावणं आलं.
आणि माझी कॅसेट.
बाराव्या मिनिटाला किरकिर तुटते
आणि बाबा अकॉर्डियन वाजवू लागतात.

वोइकोने लिहिलं, अरेरे.
मी लिहिलं, माफ करा.
पण त्या रात्री मी ते सात वेळा ऐकलं.
त्यांचा डावा हात किंचित उशिरा पडायचा,
हे मी सतरा वर्षांत विसरून गेले होते.

तेता बोलायची कशी, तेही कळलं.
जवळजवळ चोरीच:
तुमचं "माझं" उचलायचं, "तुझं" करून परत द्यायचं.
माझी आई ओरडते.
तुझी आई का ओरडते?
एवढ्यावर पोरं पहाटेपर्यंत जागायची.

बाबांच्या भाषेत (मला ती अर्धीच येते)
एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये
आणखी एक खोली आहे, दोघांपुरती.
मिद्वा. आम्ही दोघं, तिसरं कुणी नाही.
सहाशे चाळीसाव्या ओळीवर तेता हा शब्द ऐकायची.
चौदा वर्षांच्या वोइकोने तो टाइप केला होता,
मिद्वा, मी आणि त्स्वेतो.
त्स्वेतो ल्युब्ल्यानाच्या हॉस्पिटलात, शेजारचा पलंग रिकामा.
मार्चमध्ये तो पलंग तळघरात गेला.
तेताने त्या रात्री काहीतरी उत्तर दिलं होतं.
काय, एवढंच त्याला हवं होतं.

ओळ सापडली. कोपरच्या एका बाईकडे,
स्वेटरच्या नमुन्यामागे, पेन्सिलीत.
लाझारने दोनदा तपासली.
शब्द पकडायची, हे खरं. पण उत्तर तिचं स्वतःचं नव्हतं.
अनोळखी शब्द जिथे जायचे तिथेच ती यालाही धाडायची:
सहा वाक्यं, फासा टाका, पडेल ते म्हणा.
त्यात "पुढे सांग" होतं.
"असं का वाटतं?" होतं.
"जेवलास का?" सुद्धा होतं, कुणाला सुचलं असेल देव जाणे.
आणि आणखी तीन.
त्या रात्री कुठलं पडलं
ते कोडमध्ये नसतं.

तीन आठवडे वोइको गप्प.
मग आली तेता, सबंध, चालणारी,
आणि सोबत बाबांचा अकॉर्डियन, खरखर पुसून,
चार मिनिटं अकरा सेकंद.
खाली विचारलं होतं, धून कुठली?

मला माहीत नाही.
भाचीच्या कॉम्प्युटरवर मी तेताला विचारलं,
माझ्या बाबांची धून कुठली?
तुझ्या बाबांची धून कुठली, ती म्हणाली,
आणि थांबून राहिली.
मिद्वा मी लिहिलं नाही.
तो शब्द वोइकोचा.